पुठ्ठ्याचं चिलखत

मनूदादाच्या ओठावर मिसरूड फुटलंय हे घरात सगळ्यात आधी आत्याच्या लक्षात आलं, आणि तिला तर धड दिसतही नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. सकाळी त्याच्या हातात चहाची कपबशी देताना ती सवयीनं त्याच्या गालावरून हात फिरवायची. त्या दिवशी तिचं बोट वरच्या ओठाशी आलं आणि तिथंच थांबलं. "पोरगा मोठा झाला," एवढंच ती म्हणाली. आई पोळ्या लाटत होती, तिचं लाटणं थांबलं. बापू, म्हणजे आमचे वडील, सातपूरच्या कारखान्यात पहिल्या पाळीला निघाले होते, ते एक पाय चपलेत घालून तसेच दारात उभे राहिले. मी शाळेत जायच्या घाईत वेणी घालत होते. दादाच्या बरोबरीच्या मुलांना मिशा येऊन जुन्या झाल्या होत्या, त्याचं सगळंच उशिरा आलं, तेव्हा खरं तर आमच्याकडे त्या दिवशी काही गोडधोड व्हायला हवं होतं. पण स्टोव्हचा आवाज तेवढा होत राहिला. तव्यावरची पोळी करपली आणि ती पुढे माझ्याच ताटात आली.

एवढ्याशा मिसरुडाची घरात धास्ती का, हे सांगायचं तर आधी वीर सांगायला हवा. ज्यांच्या घरी वीर आहेत अशा नाशिककरांना हे माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगते. घराण्यात कुणी लढाईत गेला, किंवा असाच ऐन तारुण्यात गेला, की त्याचा चांदीचा टाक, म्हणजे त्याची आकृती उठवलेला छोटा पत्रा, करून देव्हाऱ्यात ठेवतात. धुळवडीच्या दिवशी तो टाक नारळासकट तांबड्या फडक्यात बांधायचा, घरातल्या पुरुषानं हातात धरायचा, वाजतगाजत होळीला प्रदक्षिणा घालून गंगेवर न्यायचा, त्याला आंघोळ घालायची आणि परत आणायचा. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. टाक नेणाऱ्यालाही त्या दिवसापुरतं वीरच म्हणतात. आमचा वीर बिनलग्नाचा, कोवळ्या वयात कुठल्याशा लढाईत गेलेला. कुठली लढाई आणि कुणाच्या बाजूनं, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं, आणि विचारलेलं आत्याला खपत नसे. टाकावर तो घोड्यावर बसलेला, हातात तलवार, अंगात चिलखत. आणि ते चिलखत आमच्याकडे होतं. लोखंडी कड्यांचं, छातीवर आणि खांद्यांवर पट्ट्या जडवलेलं, सोबत शिरस्त्राण. पलंगाखालच्या ट्रंकेत ते असायचं, दसऱ्याला बाहेर यायचं, तेलाच्या बोळ्यानं पुसून परत आत जायचं. धुळवडीला बापू ते घालत. गल्लीतले दोघे शेजारी ते उचलून त्यांच्या खांद्यांवर चढवत आणि चढवताना दोघेही कुंथत. गंगेवरून आल्यावर बापूंच्या खांद्यांवर लाल वळ उठलेले असत, आई त्यांवर हळद-तेल लावायची. गल्लीला आमचा वीर दिसायच्या आधी ऐकू यायचा. त्या खळखळण्यानं पोरं ओट्यांवर चढून बसायची.

दादा लहान असताना त्याला सांधेताप झाला होता. गुडघे, घोटे, मनगटं एकामागून एक सुजली, ताप हटेना. तेव्हा आईनं देव्हाऱ्यापुढे पदर पसरला आणि वीराला म्हणाली, पोराला राख, त्याच्या ओठावर मिसरूड फुटलं की तुझं चिलखत घालून तोच तुला गंगेवर आणील. दादा वाचला. पण तापानं जाता जाता त्याच्या काळजाची झडप खराब केली. पळायचं नाही, जिने चढायचे नाहीत, जड उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि ते कायमचं होतं. मला वाटायचं, वीरानं नवस ऐकला पण अर्धाच ऐकला. आत्याचं म्हणणं, त्यानं आपलं काम पुरं केलं, आता वेळ आपली.

दादानं शाळा मध्येच सोडली आणि तो घरात बसला. बसला म्हणजे खरोखरच बसला. मागच्या खोलीत खिडकीखाली सतरंजी, पुढ्यात पाट, पाटावर कात्री, सुरी, खळीची वाटी. मेनरोडवरच्या एका दुकानासाठी तो बाशिंगं करून द्यायचा, गणपतीत मखरं. पुठ्ठा, भेंडाचा पांढरा हलका गर, बेगड, रंगीत कागद, यातच त्याचा दिवस जायचा. दुसऱ्यांच्या लग्नांची बाशिंगं करता करता हा मनात काय म्हणत असेल असा विचार मी तेव्हा केला नाही, आता करते. अंगावर बारा महिने चौकड्यांचा सदरा, केसांत भेंडाचा भुगा. आवाज मात्र चांगला मोठा, आणि थट्टेखोर. मी बादली भरून आणली की म्हणायचा, "या, पहिलवान." बादली मी उचलायची असा घरात नियम होता आणि त्याला तो नियम मनातून टोचत होता, म्हणून ही थट्टा. जास्त चालणं झालं की त्याचे ओठ जांभळे पडत. आम्ही घरातले सगळे बोलताना त्याच्या डोळ्यांकडे न बघता ओठांकडे बघायचो. त्याला ते कळायचं, मग तो तोंड फिरवायचा.

मिसरुडाची गोष्ट निघाल्यापासून आत्याच्या वीराच्या गोष्टी वाढल्या. ती विधवा होऊन सटाण्याहून माहेरी परत आलेली, बापूंची मोठी बहीण, घरातल्या देवाधर्माचा कारभार तिच्याकडे. सासरची बोली तिच्या जिभेवर राहिली होती, मधूनच 'आहे'च्या जागी एखादा 'शे' यायचा. पूर्वी एका चुलत्यानं भांडणापायी एक वर्ष वीर बाहेर काढला नाही, तर त्याची आधी गाय गेली, मग विहीर आटली, मग धाकटा मुलगा गेला, ही गोष्ट ती दरवर्षी एकदा सांगायची. त्या वर्षी जेवताना, निवडताना, वाती वळताना, सारखी सांगू लागली. बापू एकदा हळूच म्हणाले, अक्का, नुसता टाक हातात देऊन पाठवू, चिलखत राहू दे. आत्यानं हातातली वात वळून पुरी केली. मग म्हणाली, "देवाला फसवलं तर देव माफ करतो. वीर आपल्या रक्ताचा शे. घरच्यांनी फसवलेलं त्याला सोसत नाही." आईनं एकदा, मीच घालते ते चिलखत, असं म्हणून पाहिलं, तर आत्यानं दोन्ही कानांवर हात ठेवले.

बापू दादाला घेऊन डॉक्टरांकडे गेले आणि आडून आडून विचारलं, थोडं ओझं अंगावर घेऊन गंगेपर्यंत चालला तर चालेल का. डॉक्टरांनी विचारलं, "पाण्याची बादली उचलू देता का त्याला?" बापू म्हणाले, नाही. "मग?" डॉक्टर म्हणाले. एवढ्या एका 'मग'वर दोघे घरी आले. येताना बापूंनी माझ्यासाठी द्राक्षं आणली होती. ती तशीच ताटलीत राहिली.

मार्ग काढला तो दादानंच. आत्या देवळात कीर्तनाला गेली होती. त्यानं ट्रंक उघडायला लावली, लोखंडी चिलखत सतरंजीवर पसरून ठेवलं आणि बोटांनी चाचपत, गुडघ्यावर हनुवटी टेकून, किती तरी वेळ बघत बसला. म्हणाला, "असंच दुसरं करतो. वजन नसलेलं. आत्याला दिसत नाही, आणि गल्लीला जवळ येऊ द्यायचं नाही." बापू धार्मिक माणूस, पण त्यांनी एका शब्दानं विरोध केला नाही. आईनं विचारलं की वीराला कळलं तर. दादा म्हणाला, "त्याला कळणारच. पण तोही माझ्याच वयाचा होता ना, समजून घेईल." हे त्यानं हसत म्हटलं, आणि माझ्या अंगावर काटा आला.

परवा माझ्या नातवाला शाळेच्या स्नेहसंमेलनात मावळा व्हायचं होतं. सुनेनं फोमची शीट आणली, कात्रीनं कापली, वर चंदेरी फवारा मारला, अर्ध्या दिवसात चिलखत तयार. चांगलं झालं होतं. मी ते हातात घेतलं आणि लगेच खाली ठेवलं, सुनेला वाटलं आजींना पसंत पडलं नाही. हे सगळं लिहायला बसले ते त्यामुळेच.

आमचं चिलखत व्हायला पौषापासून होळीपर्यंतचा वेळ लागला, तेही आत्या बाहेर असेल तेवढ्याच दुपारी. बापूंनी कारखान्यातून मशीनचे भाग येतात ती जाड पुठ्ठ्याची खोकी आणली. दादानं आधी जुन्या वर्तमानपत्रांवर एकेका भागाचा आकार काढून घेतला. छातीचा पुठ्ठा पाण्यानं ओलवून तो माठाच्या पोटावर सुतळीनं घट्ट बांधला, वाळल्यावर माठाची गोलाई तशीच्या तशी उतरली, आणि माझा भाऊ, ज्याच्या छातीच्या फासळ्या मोजता येत, त्याला एकदम पैलवानाची छाती आली. शिरस्त्राण उलट्या पातेल्यावर केलं. पातेल्याला तेल लावून वर कागदाच्या पट्ट्या, पट्टीवर पट्टी. खळीचा प्रश्नच नव्हता, कारण कुरडयांचे दिवस होते. आई गहू भिजवायची, वाटून चीक काढायची, शिजवायची, आणि आत्याची पाठ फिरली की त्यातला वाटीभर मागच्या खोलीत यायचा. दादा त्यात मेथीची पूड आणि चिमूटभर मोरचूद घालायचा, म्हणजे किडे आणि उंदीर लागत नाहीत. कुरडया यंदा कमी कशा पडल्या, असं आत्या म्हणत राहिली. खिळ्यांची डोकी भेंडाच्या टिकल्यांची केली. कड्यांची जाळी माझ्याकडे होती. मी स्वेटरच्या सुयांवर सुतळी विणली, सैल टाक्यांनी, हातभर, मग अजून हातभर. बोटांची सालं निघाली, पण काळ्या शाईत बुडवून वाळवल्यावर ती जाळी लोखंडी कड्यांची दिसायला लागली तेव्हा मी खुशीत ती डोक्यावर घेऊन नाचले. वरून बापूंनी आणलेली शिशाची पूड, पेन्सिलीत असते ती, फडक्यानं घासायची. जितकं घासावं तितका पुठ्ठा लोखंडाचा होत गेला. शेवटी दादानं लाखेचा हात दिला, आणि मुद्दाम काही ठिकाणी गंज दाखवायला काव चोळली.

पण पुरं झालेलं चिलखत मुकं होतं. दादानं ते हलवून बघितलं, आवाजच नाही. वीर न खळखळता गल्लीतून गेला तर पहिल्याच ओट्यावर बिंग फुटणार. मग बापूंनी कारखान्यात खराब निघालेले वायसर, नट-बोल्टाखाली घालायच्या लोखंडी चकत्या, पिशवी भरून आणले, आम्ही ते आतल्या काठाला दोऱ्यानं ओवले. दुसरी अडचण आत्याच्या हाताची. ओवाळताना ती वीराच्या छातीवर डाव्या बाजूला हात ठेवून नमस्कार करायची, आणि लोखंड गार लागतं, पुठ्ठा लागत नाही. तेव्हा तेवढ्या जागी दादानं तुपाच्या डब्याचा पत्रा कापून बसवला. वायसर सोडले तर अख्ख्या चिलखतात खरा धातू म्हणावा असा तो एकच तुकडा, नेमका त्याच्या दुखऱ्या काळजावर.

चिलखत मागच्या खोलीत खुंटीला टांगलं होतं. अंधार पडला की तिथं कुणी तरी पाठमोरं उभं आहे असं वाटायचं. आईनं त्यावर चादर टाकली तर ते जास्तच माणसासारखं दिसायला लागलं. आणि वजन नसल्यामुळे खिडकीतून वारा आला की ते हलायचं, वायसर वाजायचे. लोखंडी चिलखत ट्रंकेत कधी आपण होऊन वाजलं नव्हतं. हे वाजायचं. आत्या जेवताना हात थांबवून कान द्यायची. "त्याला घाई झाली," म्हणायची. आम्ही चौघे ताटाकडे बघत जेवायचो. आवाज कशाचा ते आम्हाला ठाऊक होतं, तरी चौघांपैकी एकही उठून खिडकी लावायला जायचा नाही. मी तर पाणी प्यायलाही त्या खोलीत जायचं सोडलं.

धुळवडीच्या दुपारी आदल्या दिवशीच्या शिळ्या पुरणपोळ्या दुधाशी खाल्ल्या. चिलखत चढवायला शेजारचे दोघे आले, त्यांना बापूंनी दारातच सांगितलं की नवसाचा वीर आहे, आज फक्त घरचे हात. त्यांना राग आला असावा, पण ते ओट्यावर जाऊन बसले. आत आम्ही दादाला चिलखत घातलं. आईनं पाठीमागच्या नाड्या बांधल्या, एकेक गाठ सुटेल अशी सैल बांधली, आणि दर गाठीला विचारलं, श्वास घेता येतो ना. ठरलं असं होतं की त्यानं बापूंच्या पुढे हळूहळू चालायचं, होळीशी बसायचं, उतारावर बसायचं, गंगेवर फक्त टाक बुडवायचा, आणि टांग्यातून परत. दादानं शिरस्त्राण डोक्यावर घेतलं आणि आरशात बघितलं. तो इतका देखणा दिसत होता की मला रडू आलं. तो काही थट्टा करील म्हणून मी वाट पाहिली, त्यानं केली नाही.

दारात आत्यानं ओवाळलं. मग हात पुढे केला, तो बरोबर पत्र्यावर पडला. "गार शे," ती समाधानानं म्हणाली, आणि मी सोडलेला श्वास मलाच ऐकू आला. तिथं हे संपायला हवं होतं. पण तिनं विचारलं, "जड नाही ना होत रे, राजा?" आणि दादा, ज्याला कुणी अशक्त म्हटलेलं आवडत नसे, तो म्हणाला, "वीर सोबत असल्यावर कसलं जड, आत्या." आत्यानं मान वर केली. ओट्यावरच्या दोघा शेजाऱ्यांकडे तोंड करून तिनं ते वाक्य मोठ्यानं सांगितलं. त्यांनी पुढच्या घरी सांगितलं. आम्ही गल्लीच्या टोकाला पोचायच्या आधी ते टोकाला पोचलं होतं.

आता इथं रीत सांगायला हवी. एखाद्याच्या अंगात खरोखर वीर आला, तर तो आपण होऊन बसेपर्यंत वाजवणं थांबवायचं नाही आणि त्याला कुणी धरायचं नाही. बाईमाणसानं तर शिवायचंही नाही. बापूंच्या अंगात कधी आला नव्हता, त्या वजनाखाली ते पाय ओढत जायचे आणि पाय ओढत यायचे, त्यामुळे आम्हाला या रीतीची आठवणच राहिली नव्हती. होळीच्या राखेशी ढोल आणि हलगी उभी होती. दादानं एक प्रदक्षिणा संथपणे घातली. दुसरी घालताना हलगीवाल्यानं ठेका बदलला, आणि दादानं पाय उचलला. सहज उचलला, ठेका ऐकून आपण कुणीही उचलू तसा. पुठ्ठ्याखाली त्याच्या अंगाला वजन असं नव्हतंच. मग दुसरा पाय. मग तो गिरकी घेऊन फिरला, जाळी पंख्यासारखी उडाली, वायसर खळकन वाजले, आणि गर्दीतून एकदम आवाज आला. त्या चिलखताचं वजन गल्लीला माहीत होतं. ते चढवताना कुंथणारे दोघे तिथंच उभे होते. आणि बादली न उचलणारं आजारी पोर त्यात उड्या मारत होतं.

"वीर आला," कुणी तरी म्हणालं, आणि बायका वाकायला लागल्या. ढोल वाढला, गुलाल उडाला. मी ताम्हण घेऊन आईशेजारी उभी होते. दादाचं तोंड मला दिसत होतं, ते आनंदानं नुसतं फुललं होतं, लहानपणापासून मी त्याला असं पाहिलं नव्हतं. बापू पुढे झाले, म्हणाले, "मनू, बस." त्यानं ऐकलं नाही. बापूंनी पुन्हा म्हणायला तोंड उघडलं, आणि मग जे झालं त्याचं मला आजही नवल वाटतं. त्यांनी हात जोडले. वायसर स्वतःच्या हातानं ओवलेला माणूस, खोकी स्वतःच्या खांद्यावरून आणलेला माणूस, हात जोडून उभा राहिला. आणि त्यांना काय नावं ठेवायची, माझ्या बोटांची सालं अजून भरली नव्हती, तरी मीही ताम्हण खाली ठेवून वाकले होते. वाकलेली असतानाच मला त्याचे ओठ दिसले. जांभळे नव्हते, काळे दिसत होते.

आईनं मात्र हात जोडले नव्हते. ती इतका वेळ त्याच्या ओठांकडेच बघत होती. ती गर्दीतून सरळ चालत आत गेली, कुणी तरी तिला, अहो शिवू नका, म्हणालं. तिनं दादाच्या गळ्याशी दोन्ही हात घातले आणि चिलखत फाडलं. लोखंड बाईच्या हातानं फाटताना पाहून आधी सगळी गर्दी मागे सरकली. मग पुठ्ठा फाटल्याचा तो कोरडा आवाज सगळ्यांना ऐकू आला, वायसर रस्त्यावर पडून घरंगळत गेले, आणि आत चौकड्यांचा सदरा दिसला, घामानं चिंब. हलगी तरी चालूच होती. आई हलगीवाल्याकडे वळून म्हणाली, "पुठ्ठा आहे हा. माझं पोर आजारी आहे. वाजवणं थांबवा."

थांबलं सगळं. कुणी हसलं नाही, आणि ते मी त्या गल्लीचे उपकारच मानते. दादा उभ्यानं डोलत होता. त्यानं समोर उताराच्या तळाशी दिसणाऱ्या पाण्याकडे हात केला आणि म्हणाला, "एवढीशीच राहिली होती गं आई." मग तो गुडघ्यांवर आला. बापू आणि त्या दोघा शेजाऱ्यांनी त्याला उचलून टांग्यात घातलं, आई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली, टांगा दवाखान्याकडे गेला. मी रस्त्यात उभी होते. टाकाचं तांबडं फडकं राखेजवळ पडलेलं होतं.

आत्या भिंतीला धरून, विचारत विचारत तिथवर आली. तिचा पाय चिलखताच्या तुकड्यावर पडला. तिनं तो उचलला, वाकवून पाहिला, नाकाशी धरला. "कुरडयांचा वास येतो," ती म्हणाली. मला वाटलं आता ती आम्हाला शाप देईल. तिनं विचारलं, टाक कुठंय. मी फडकं तिच्या हातात दिलं. दुसरा हात तिनं माझ्या खांद्यावर ठेवला आणि म्हणाली, चल. आमच्या घरात बाईनं वीर कधी गंगेवर नेला नव्हता. ढोल नाही, हलगी नाही, एक आंधळी म्हातारी आणि मी, अशा आम्ही उतार उतरलो. रामकुंडावर पायऱ्यांवर बसून तिनं टाक सोडवला, पाण्यात धरला, अंगठ्यानं पुसला, आणि शेजारच्या माणसाशी बोलावं तशी त्याच्याशी बोलली. "फसवलं आम्ही. पोराला हात लावू नको. न्यायचंच तर मला ने, मी इथं बसले."

वीरानं तिचं ऐकलं नाही. आत्या पुढे बरीच वर्षं जगली आणि त्याचा तिला राग होता. दादा दवाखान्यातून घरी आला, पण सतरंजीवर बसून कात्री चालवण्याइतकाही जोर परत आला नाही. आई त्याला भरवायची, तो तिच्याशी आधीसारखाच थट्टा करायचा, पण त्या दिवसाबद्दल दोघांत शब्द निघाला नाही. माझ्याशी एकदाच निघाला. मी त्याला उशी लावून देत होते. म्हणाला, "शैले, फार हलकं झालं गं ते. मी विसरूनच गेलो." काय विसरलास असं मी विचारलं नाही. पुढच्या होळीच्या आधी, थंडीत, एका सकाळी चहाची कपबशी देताना आत्याचा हात त्याच्या गालावर गेला आणि तिथंच थांबला. तिनं आईला हाक मारली नाही. आई आपणच आली.

बिनलग्नाचा, ऐन तारुण्यात गेलेला. म्हणजे आता त्याचाही टाक करायचा. आत्यानं ट्रंकेच्या तळातून आपल्या लग्नातली जोडवी काढून दिली, तेवढी चांदी पुरली. आई मला बरोबर घेऊन सराफ बाजारात टाक घडवणाऱ्याकडे गेली. त्यानं सवयीनं विचारलं, घोडा, तलवार, चिलखत, नेहमीसारखंच ना. त्याच्यापुढे पोलादी ठसे मांडलेले होते, सगळे घोडेस्वार.

आई म्हणाली, "घोडा नको, तलवार नको. चिलखत तर नकोच. चौकड्यांचा सदरा काढा."

तो म्हणाला, ठीक, मग उभा दाखवतो.

"नाही," आई म्हणाली, "बसलेला दाखवा."

आईनंतर देव्हारा माझ्याकडे आला. सासरी थोडी कुरकुर झाली, मी ती कानाआड केली. दर धुळवडीला आमच्याकडून दोन टाक गंगेवर जातात. पहिला वीर घोड्यावर आहे. दादा खाली मांडी घालून बसला आहे, आणि इतक्या वर्षांच्या पुसण्यानं सदऱ्याच्या चौकड्या आता जवळजवळ गेल्या आहेत.